मांजरीमार्फत

आमच्या साडूंइतका अवतरणचिन्हांचा द्वेष करणारा माणूस वर्धा जिल्ह्यातच काय, उभ्या महाराष्ट्रात झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याने तो द्वेष इतकी वर्षं निष्ठेने सांभाळला नसेल. द्वेष करायला माणसाला साहेब असतो, सासुरवाडी असते, शेजारी तर देवाने त्याचसाठी घडवलेला असतो. साडूंची या तिघांबद्दलही तक्रार नव्हती. त्यांचा राग होता तो फक्त गोष्टीतला माणूस बोलू लागला की त्याच्या बोलण्याच्या दोन्ही टोकांना जी चिन्हांची जोडी लटकते तिच्यावर. सिंदी रेल्वे या गावच्या वाचनालयातून ते कादंबरी घरी नेत, दाढीच्या अर्ध्या ब्लेडने पानापानावरची अवतरणचिन्हं खरवडून काढत आणि मगच वाचायला बसत. ग्रंथपालांच्या हे ध्यानात आलं तोवर दीड कपाट सोलून झालं होतं. ते बिचारे एक पान उजेडात धरून म्हणाले, "भाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही? पुस्तकाले भोकं पाडली." साडू म्हणाले, "भोकं नाई, खिडक्या म्हणा. आत माणसं कोंडली होती." तेव्हापासून साडूंना पुस्तक मिळे, पण तिथेच ग्रंथपालांच्या टेबलासमोर बसून वाचण्याच्या बोलीवर, आणि आत येताना सदऱ्याचा खिसा झटकून दाखवावा लागे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी वर्ध्याला हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि ते सिंदीला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलबंडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, लांबी नजरेने जोखायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. पण कापसापेक्षा त्यांचं लक्ष शेतकऱ्याच्या तोंडाकडे जास्त. बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली असायची, बैल शेपट्या झटकत उभे असायचे, आणि हे चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलने काहीतरी टिपून घेत असायचे. एकदा एक म्हातारा कास्तकार वैतागून म्हणाला, "साहेब, कापूस पाहा ना. माह्या थोबाडाकडे काऊन पाहून राह्यले?" साडूंनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. म्हाताऱ्याने म्हटलं. साडू म्हणाले, "नाई, पहिल्या बारीले तुम्ही हे बैलाकडे पाहून म्हणलं होतं. आता माह्याकडे पाहून म्हणलं. दोन्ही एक नाई." म्हाताऱ्याने बैलाकडे पाहिलं, बैलाने साडूंकडे पाहिलं, आणि कापसाला एक प्रत वर मिळाली असं त्या बाजारात अजून सांगतात.

साडू कथा लिहीत. बरीच वर्षं लिहीत होते आणि एकही छापून आली नव्हती, कारण त्यांच्या कथेत कोण बोलतंय हे कळायला संपादकाला सिंदीला मुक्कामाला यावं लागलं असतं. अवतरणचिन्हं टाकली खरी, पण त्यांच्या जागी काय घ्यायचं, याचे प्रयोग जन्मभर चालू होते. आधी प्रत्येक पात्राला वेगळी शाई दिली. बाप निळा, आई हिरवी, मुलगा तांबडा. कथा दिसायला छान झाली, पण पाठवताना त्यांनी कार्बन घालून नक्कल काढली आणि मूळ प्रत जपून घरी ठेवली. संपादकाकडे गेलेल्या नकलेत सगळं कुटुंब एकाच रंगाचं झालं होतं. मग त्यांनी कागदाची जागा वाटून दिली. दारात उभा असलेला माणूस पानाच्या डाव्या कडेला बोलायचा, चुलीपाशी बसलेली बाई उजव्या कडेला, आणि विहिरीवरून हाक मारणारा माणूस वरच्या समासात. पुढे गप्प बसण्याचीही मोजणी सुरू झाली. कोणी उत्तर द्यायला वेळ लावला की साडू तेवढी बोटं कागदावर आडवी ठेवून तेवढी जागा कोरी सोडत. एका कथेत मुलगी बापाला लग्नाचं विचारते आणि बाप सव्वा पान काही बोलत नाही. ती कथा परत आली तेव्हा सोबत चिठ्ठी होती की मधलं एक पान पाठवायचं राहून गेलेलं दिसतं. साडूंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट म्हणाले, "पाहा मास्तर, त्यायले बी वाटलंच ना, बुढ्याच्या मनात कायतरी होतं म्हणून?"

मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला आहे. मराठीचा मास्तर मी, चिन्हांच्या जागा चुकल्या म्हणून मुलांचे अर्धे अर्धे गुण कापण्यात माझी हयात गेली. मी म्हणायचो, "साडभाऊ, वाचणाऱ्याची थोडी दया करा. बोलणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं, एवढं तरी कळू द्या त्याला." ते म्हणायचे, "सुरू कुठं झालं अन् संपलं कुठं, हे कोन विचारते? माणूस बोलते तवा तोंड कोनाकडे असते अन् बोलणं कोनासाठी असते, ते दाखवणारं चिन्ह हाय का तुमच्यापाशी? असन तर द्या, उद्यापासून लावतो." माझ्यापाशी नव्हतं. तसा मी काही त्यांच्यापुढे हार मानणारा नव्हे, मी विषय बदलून संत्र्यांवर जायचो.

त्यांच्या या म्हणण्याचं मूळ त्यांच्या घरात होतं. तीन माणसांचं घर. साडू, त्यांची बायको म्हणजे आमच्या ताई, आणि साडूंचे थोरले भाऊ, दादा. वडील लवकर गेले तेव्हा दादा सातवीत होते. त्यांनी शाळा सोडली, वखर धरला आणि धाकट्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पुढे दादांची बायको वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. ताई त्या घरात सून म्हणून आल्या आणि आमच्याकडची जुनी रीत अशी की सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. समोर आली तर पदर पुढे ओढते आणि वाट सोडते. इतर घरांत सासू असते, नणंद असते, पोरंसोरं असतात, निरोप पोचतात. इथे साडू दिवसभर कापसात आणि घरात ही दोन माणसं. मग निरोप पोचवायला मांजर आली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मांजरीला सांगायच्या, "जेवण वाढलं म्हणा." दादा ओसरीवर पानाचा डबा उघडून बसलेले असत, ते डब्याला म्हणत, "आलोच म्हणा." वरणात मीठ कमी पडलं तर दादा जेवता जेवता पाण्याच्या गडव्याला सांगत, आणि ताई मिठाची वाटी घेऊन मांजरीला विचारत, "किती घालू म्हणते?" वीस-बावीस वर्षं त्या घराचा सगळा कारभार असा मांजरीमार्फत चालला, आणि मी शपथेवर सांगतो, माझ्या घरात समोरासमोर बोलून जेवढे गैरसमज होतात त्याच्या निम्मेही तिथे झाले नाहीत. एकदा मांजर मेली. आठवडाभर त्या घरात कुणाला काही कळवायची सोय राहिली नाही. दादांनी आठ दिवस अळणी वरण खाल्लं. शेवटी साडू तळेगावच्या पाहुण्यांकडून एक पिल्लू पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन आले. पण पिल्लू ते पिल्लूच, एक वाक्य पुरं होईपर्यंत जागेवर थांबायचं नाही. ताई बोलता बोलता त्याच्यामागे अंगणात जायच्या आणि अर्धा निरोप तुळशीला मिळायचा.

या घराची कथा साडूंनी लिहिली. सहा वर्षं लिहिली. आणि तिच्यासाठी एकच नवं चिन्ह काढलं, एक लहानसं पोकळ टिंब, शून्यासारखं. ज्या वाक्याआधी टिंब असेल ते वाक्य एकाला सांगितलेलं, पण दुसऱ्यासाठी असलेलं. बाकी कथेत मांजर नाही, डबा नाही, काही स्पष्टीकरण नाही. सून बोलते, भासरा बोलतो, आणि प्रत्येक वाक्यापुढे ते टिंब. पहिल्या पानाच्या तळाला टिंबाचा अर्थ एका ओळीत दिला होता. मी वाचली आणि मला, मराठीच्या मास्तराला, पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वेडा नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. वर्ध्यातले एक छापखानेवाले दरसाल एक बारीकसा दिवाळी अंक काढत आणि मजकूर निवडणं, मुद्रितं तपासणं ही कामं माझ्या गळ्यात असत. साडू कथा घेऊन आले. आजवर कधी अजीजी न केलेला माणूस माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "मास्तर, एवढी एक छापा. जशी हाय तशी. दादाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला, पुढच्या दिवाळीले त्याले दिसन का नाई माईत नाई. त्यानं माह्यासाठी शाळा सोडली. मी त्याबद्दल त्याले कधी एक शब्द बोललो नाई. आमच्या घरात कोन कोनाले सरळ बोलते? त्याचं समदं बोलणं मी आयकलं, एवढं तरी त्याले दिसू द्या." मी शब्द दिला. टिंबासकट, असंही म्हणालो.

आता माझा गुन्हा. शिशाचे खिळे जुळवून छापायचा जमाना होता तो. आमच्या जुळाऱ्याने साडूंच्या टिंबासाठी बारीक टाइपातलं शून्य पसंत केलं होतं. पण नेमकं त्याच आठवड्यात छापखान्यात आमच्या शाळेच्या सहामाहीच्या गुणपत्रकांचं काम आलं, आणि आमच्या आठवी ब-ने गणितात असे दिवे लावले होते की छापखान्यातली शून्यं संपली. जुळारी येऊन म्हणाला, "सर, खान्यात एक झिरो नाई. पोट्ट्यायनं समदे खाल्ले. काय करू? उद्या फॉर्म मशीनवर चढवा लागते." मी मुद्रितं पुढ्यात घेऊन बसलो होतो, मालक दर पाच मिनिटांनी डोकावत होते, आणि तीस वर्षांची सवय माझ्या तोंडून बोलली. मी म्हणालो, "लाव अवतरणं." तळटीपही काढून टाकली, टिंबच नाही तर टीप कशाला. काम नीटनेटकं केल्याचं समाधान वाटून मी चहासुद्धा मागवला.

अंक सिंदीला पोचला आणि पुढच्या रविवारी पॅसेंजरने साडू आमच्या घरी आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माजघरात माठ होता त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि माठाला म्हणाले, "या घरच्या मालकाले विचारजो, शब्द देल्ला होता का नाई?" मी म्हणालो, "साडभाऊ, शून्यं संपली होती हो." ते माठाला म्हणाले, "त्याले म्हणा, मंग थांबाचं होतं." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्याशीही पुढचे चार दिवस माठामार्फतच बोललो. हळूहळू माठाला सगळी हकीकत कळली. छापलेल्या कथेत सून भासऱ्याशी तोंडावर बोलत होती. पदर नाही, आडपडदा नाही, दोन्ही बाजूंना ठसठशीत चिन्हं आणि मध्ये सरळ सरळ भाऊजी, जेवण वाढलं. गावात अंक चारच घरी गेला होता, पण चार घरं पुरतात. विहिरीवर एका म्हातारीने ताईंना विचारलं होतं, "काऊन वं बाई, पुस्तकात भासऱ्यासंग बोलून राह्यली म्हणते तू?" ताई रिकामी घागर घेऊन घरी आल्या. आणि दादांनी भिंग लावून ती कथा एकदा नाही, तीनदा वाचली, अंक उशीखाली ठेवला, आणि तेव्हापासून, आज तिसरा दिवस, ते डब्याशीसुद्धा बोलले नव्हते. "त्याले वाटलं असन," साडू म्हणाले, आणि इथे त्यांचा माठ सुटला, ते माझ्याकडेच पाहत होते, "भावानं आपल्या घराची चव्हाट्यावर मजाक केली. मी काय सांगू त्याले, मास्तर? मी त्याले कधी काई सांगतलं नाई. आता काय सांगू?"

हसण्याची गोष्ट उरली नव्हती. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर त्याच दिवशी सिंदीला गेलो. गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघत होतो. सिंदीच्या अलीकडचं तुळजापूर स्टेशन गेलं तरी मला माझ्या माफीचं पहिलं वाक्य सुचलं नव्हतं, आणि साडूंना विचारायची सोय नव्हती.

पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. तीन पाट मांडलेले. दादा, साडू, मी. ताई स्वयंपाकघराच्या दाराआड, पदर नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच पुढे. दोन घास झाल्यावर मी घसा साफ केला. "दादा, ती कथा, चूक माझी आहे. ह्यांनी तसं लिहिलं नव्हतं." दादांनी डावा हात वर केला आणि मी थांबलो. मोठा, रापलेला, शांत माणूस. ते जेवत राहिले. ताटातली भाजी संपली. दाराआडून ताई मांजरीला म्हणाल्या, "भाजी आणखी पाह्यजे का विचार." मांजर, आता चांगली पोक्त झालेली, दादांच्या पाटाशी येऊन बसली. दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान वर करून दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, पुस्तकात तं मलेच विचारतं. घरात त्या मुक्या जिवाले काऊन तरास देऊन राह्यली?"

साडूंनी नंतर मला सांगितलं की त्यानंतरची शांतता अकरा बोटं होती. मला ती सव्वा पानाची वाटली. दाराआड बांगड्या एकदा वाजल्या, थांबल्या. मग ताईंचा आवाज आला, इतका बारीक की मांजरीनेही कान टवकारले. "भाजी वाढू का, भाऊजी?"

"वाढ," दादा म्हणाले. "थोडीशीच."

ताई बाहेर आल्या, भाजी वाढली, थोडीशीच्या जवळजवळ तिप्पट वाढली, आणि आत गेल्या. दादा एक घास खाऊन धाकट्याला म्हणाले, "मी एवढा बोलतो हे मले माईत नव्हतं. तू समदं आयकत होता?" साडूंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वरणात पडत होतं आणि ते ठेच्याला दोष देत होते. ठेचा त्यांच्या ताटात नव्हता, माझ्या ताटात होता. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, पण माझं कारण निदान खरं होतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आज कबूल करायला हरकत नाही की मी ठेच्याला हातही लावला नव्हता.

स्टेशनवर सोडायला आले तेव्हा मी म्हणालो, "साडभाऊ, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. टिंबासकट सगळी कथा पुन्हा छापतो. शून्यं वेगळी काढून ठेवतो." ते रुळांकडे पाहत म्हणाले, "दुरुस्ती कायची, मास्तर? छापलं होतं तवा ते चूक होतं. आता तेच बरोबर हाय."

त्यानंतर साडूंनी कथा लिहिली नाही. मी पुष्कळ मागे लागलो, जशी असेल तशी छापतो म्हणालो. ते म्हणायचे, "घरात आता समदे सरळ बोलतात. सरळ बोलणं कोनालेबी लिहता येते." सरळ म्हणजे किती सरळ! बावीस वर्षांचं साचलेलं असल्यासारखी ती दोघं बोलत. पाऊस, तूर, लोणच्याला मोहरी किती, कोणाच्या घरी कोणती सून आली आणि ती कशी बोलते. दादांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी सुटेपर्यंत ताई त्यांना रोज पेपर वाचून दाखवत आणि दादा प्रत्येक बातमीवर मत देत. साडू ओसरीवर एकटे बसलेले असत. पूर्वी घरी असले की घरातला प्रत्येक शब्द त्यांच्या कानावरून जायचा आणि तो कोणाला सांगितलेला, कोणासाठी असलेला, हे टिपणारे तेच एकटे असायचे. आता टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला कधी कधी वाटायचं, मी त्यांची कथा बिघडवली ती बिघडवलीच, पण त्यांच्या हातची पेन्सिलही काढून घेतली. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "असू द्या ना. मांजरीले आराम झाला." पण हसताना त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

पुढे सात-आठ वर्षांनी दादा गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास दिला नाही. तेरावं झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी सिंदीला गेलो. ओसरीवर आम्ही दोघं बसलो होतो. दादांची खाट उभी करून भिंतीला लावली होती. यंदा कापसाला बोंडं बरी लागली आहेत एवढं बोलून झालं होतं. बाराच्या सुमाराला ताई दारात आल्या आणि रोजच्या आवाजात, सरळ त्या खाटेच्या जागेकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, जेवण वाढलं."

म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. हात चौकटीवर तसाच राहिला.  मी किती बोटं झाली ते मोजलं नाही, मोजणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि तोही मोजत नव्हता.

मग साडू उठले. त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं नाही, ताईंकडेही नाही. पायात चपला नसताना उगाच पाय झटकले आणि म्हणाले, "आलो वं." आत गेले आणि दादांच्या पाटावर बसले. ताईंनी डोळे पुसले आणि वाढायला घेतलं.